विजयदुर्ग ते मालवण : वाटाड्याबरोबर एक दिवस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या सोलापूरकडच्या माणसाची पाण्याशी ओळख म्हणजे विहीर, सिद्धेश्वराचा तलाव आणि फार तर उजनीचे पसरलेले पाणी. समुद्र आपण पाहतो तो बहुधा मुंबईला, चौपाटीवर, भेळ खाता खाता. तोही समुद्रच, पण तो माणसाळलेला. काळ्या खडकांवर आपटणारा, कड्याखाली घुमणारा, ज्याच्या काठावर चार-पाचशे वर्षांचा इतिहास उभा आहे असा समुद्र पाहायचा असेल, तर सिंधुदुर्ग जिल्ह्याचा किनारा गाठावा लागतो. अशा किनाऱ्यावर वाटाड्या घेऊन एक दिवस कसा काढावा, काय पाहावे आणि सांगणाऱ्याचे कसे ऐकावे, हे आज सांगायचे आहे. यात माझी एक चूकही आहे. तीही सांगणार आहे.

गेल्या पौषात आम्ही अठरा जण एक मिनीबस ठरवून निघालो. बरोबर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि चार म्हातारी माणसे. सांगोला, मिरज, कोल्हापूर करीत रात्रभर प्रवास. पुढे गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे आणि तिथून सरळ पश्चिमेला विजयदुर्ग. अंतर साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास. सकाळी सातला पोहोचलो. बेत असा होता की सकाळ विजयदुर्गावर काढायची, दुपारी देवगड-कुणकेश्वर करून संध्याकाळपर्यंत मालवणचा सिंधुदुर्ग गाठायचा. ओळखीतून एक स्थानिक वाटाड्या ठरवला होता. साठीचा गृहस्थ, पूर्वी मासेमारीच्या होडीवर काम केलेला. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो. ते मला गुरुजी म्हणू लागले, कारण माझा शाळामास्तरकीचा वास लपत नाही.

काकांनी पहिला प्रश्न विचारला तो आम्हाला विचित्र वाटला. म्हणाले, "आज तिथ कोणती?" पौर्णिमा, असे कुणीतरी सांगितले. त्यावर ते म्हणाले, "मग सव्वाअकराक भरती. आधी खडक बघून घेवया." आणि हसून पुढे म्हणाले, "समुद्राक घड्याळ कळणा नाय, तिथ कळता."

हा हिशेब कोकणातल्या मच्छीमारांचा जुना आहे आणि तो आपणही शिकून घेण्यासारखा आहे. तिथीला पाऊणने गुणायचे. येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता भरती. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरा धरायच्या. पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. यामागचे कारण सोपे आहे. भरती येते ती मुख्यतः चंद्राच्या ओढीने, आणि चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. म्हणून भरतीही रोज जवळजवळ पाऊण तास पुढे सरकते. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीत मिळते, तेव्हा पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोन्ही ओढी काटकोनात असतात, तेव्हा पाण्याची चढउतार कमी. त्याला भांग म्हणतात.

सात वाजता पाणी नुकते चढू लागले होते. किल्ल्याच्या पायाशी खडक उघडे दिसत होते, काळे, शेवाळलेले, करवतीच्या दातांसारखे. साडेदहाला आम्ही त्याच तटावर परत आलो तेव्हा त्यातले बहुतेक पाण्याखाली गेले होते. वर नुसते निळे, शांत पाणी. काका म्हणाले, "दिसता ता खडक बरो. दिसणा नाय तोच जीव घेता." या किनाऱ्याचे सारे युद्धशास्त्र या एका वाक्यात आले.

आता किल्ला. विजयदुर्गाचे जुने नाव घेरिया. शेजारच्या गिर्ये गावावरून ते पडले. किल्ल्याची सुरुवात शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात, बाराव्या शतकाच्या अखेरीस झाली असे मानतात. पुढे तो आदिलशाहीत होता. शिवाजी महाराजांनी तो घेतला, वाढवला आणि विजयदुर्ग हे नाव दिले. वाघोटन खाडीच्या मुखावर जमिनीचे एक टोक समुद्रात घुसले आहे, त्यावर तो उभा आहे. एकात एक तीन तट. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या, जमिनीच्या बाजूला पूर्वी खंदक होता.

हे ऐकताना आमच्यातल्या एका शाळकरी मुलाने मोठी नेमकी गोष्ट काढली. तो म्हणाला, "आपल्या भुईकोटाचं उलटं आहे." खरेच आहे. सोलापूरच्या भुईकोटाला तीन बाजूंना खंदक आणि चौथ्या बाजूला सिद्धेश्वराचा तलाव. इथे तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला खंदक. किल्ला बांधणाऱ्याची बुद्धी एकच, समोर असेल ते पाणी कामाला लावायचे.

विजयदुर्ग हे मराठी आरमाराचे मोठे ठाणे होते, विशेषतः आंग्र्यांच्या काळात. आंग्र्यांची गुराबे आणि गलबते उथळ पाण्यात चालणारी. भरती पाहून ती खाडीत शिरायची, आणि मागे लागलेले मोठे परदेशी जहाज तोंडाशीच अडायचे. गिर्ये गावाच्या हद्दीत खाडीकाठी खडक फोडून केलेली जहाजांची गोदी आजही दिसते. तिची लांबी सुमारे साडेतीनशे फूट आहे. भरतीला जहाज आत घ्यायचे आणि ओहोटीला पाणी गेले की त्याच्या तळाची डागडुजी करायची. म्हणजे चंद्राकडून फुकटात काम करून घेण्याचाच प्रकार.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, किंवा खरे म्हणजे दाखवली नाही, कारण ती पाण्याखाली आहे. किल्ल्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात बुडालेली भिंत आहे आणि तिच्यावर आपटून शत्रूची जहाजे फुटत, असे सगळे विजयदुर्गकर सांगतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिथे पाण्याखाली दगडांची रचना पाहून तिची नोंद केली आहे. म्हणजे भिंतीला आधार आहे. जहाजे फुटल्याच्या कथा मात्र तोंडी चालत आलेल्या आहेत.

या किल्ल्याचा शेवटही सांगायला हवा. फेब्रुवारी 1756 मध्ये ॲडमिरल वॉटसनच्या इंग्रजी आरमाराने समुद्रातून विजयदुर्गावर मारा केला. जमिनीवरच्या फौजेबरोबर रॉबर्ट क्लाइव्ह होता. तोफेच्या एका गोळ्याने आंग्र्यांच्या ताब्यातल्या 'रिस्टोरेशन' या जहाजाला आग लागली, ती शेजारच्या जहाजांना लागली आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार जवळजवळ सगळे जळाले. आणि जमिनीच्या बाजूने इंग्रजांचे दोस्त म्हणून उभे होते ते पेशव्यांचे सैन्य. तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांच्यात वैर होते. किल्ला पुढे पेशव्यांना मिळाला, त्याच्या बदल्यात इंग्रजांनी बाणकोट घेतले. क्लाइव्ह आणि वॉटसन इथून पुढे बंगालच्या मोहिमेवर गेले आणि दुसऱ्याच वर्षी, 1757 मध्ये, प्लासीची लढाई झाली.

ही हकिकत काका सांगत असताना आमच्यातल्या एकाने चुळबूळ केली. "पेशवे इंग्रजांच्या बाजूने? हे कशाला सांगायचं लहान मुलांसमोर?" काका शांतपणे म्हणाले, "झाला ता सांगूक होया." मला ते फार आवडले. आणि पुढच्या अर्ध्या तासात मीच काकांशी वाईट वागलो.

त्याचे असे झाले. किल्ल्यावर एका ठिकाणी कट्टे आहेत. त्यांना साहेबाचे कट्टे म्हणतात. काकांनी सांगितले की 18 ऑगस्ट 1868 रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, तेव्हा लॉकियर नावाच्या साहेबाने या कट्ट्यांवर दुर्बीण ठेवून हेलियम वायूचा शोध लावला. ही गोष्ट तुम्हीही वाचली असेल. विजयदुर्गावर 18 ऑगस्टला हेलियमच्या शोधाची आठवण साजरी होते, तिच्या बातम्या येतात. मी विज्ञान शिकवलेला माणूस. मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालो, "अहो, साफ चूक आहे हे. तेव्हा लॉकियर इंग्लंडात होते!" काका गप्प झाले. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. त्यानंतर विजयदुर्ग सोडेपर्यंत काकांनी फक्त वाट दाखवली, गोष्ट एकही सांगितली नाही.

बसमध्ये माझ्या लक्षात आले की माझे म्हणणे बरोबर होते आणि वागणे चुकीचे. त्या माणसाने ती गोष्ट रचली नव्हती. त्याला ती वडीलधाऱ्यांनी सांगितली, वर्तमानपत्रांनी छापली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवून घेतली. आणि मी ती चूक म्हणून मोडली, पण तिच्या जागी काहीच दिले नाही.

देवगडला चहाला थांबलो तेव्हा मी त्यांच्याशेजारी बसलो आणि माफी मागितली. काका म्हणाले, "ता ऱ्हवांदे गुरुजी. खरा काय ता सांगा." मग मी सांगितले. तेच आता तुम्हालाही सांगतो.

1868 चे ग्रहण भारतातून दिसले हे खरे. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते आंध्रातल्या गुंटूरहून पाहिले. ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या कडेवरून ज्वाला उसळताना दिसतात. त्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण केले तर त्यात चमकदार रेषा मिळतात. जान्सेन यांच्या लक्षात आले की या रेषा इतक्या तेजस्वी आहेत की ग्रहण नसतानाही त्या दिसल्या पाहिजेत, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या पाहिल्याही. लॉकियर यांनी हीच गोष्ट ऑक्टोबर 1868 मध्ये इंग्लंडात, ग्रहणाशिवाय, स्वतंत्रपणे साधली. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. या प्रकाशात एक पिवळी रेषा होती. ती सोडियमच्या रेषेजवळची, पण सोडियमची नव्हे. लॉकियर यांनी ती एका नव्या मूलद्रव्याची मानली आणि ग्रीक भाषेतल्या सूर्याच्या नावावरून त्याला हेलियम म्हटले. पृथ्वीवर हेलियम सापडला तो 1895 मध्ये, विल्यम रॅम्से यांना.

मग विजयदुर्गाचे काय? लॉकियर विजयदुर्गाला आले होते. नक्की आले होते. पण 1868 मध्ये नव्हे, तर 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. त्या दिवशी पौष अमावास्या होती. 'मेल्पोमिनी' नावाची ब्रिटिश युद्धनौका त्यांच्या मदतीला होती आणि तिच्यावरच्या खलाशांना निरीक्षणाची कामे शिकवून त्यांनी जणू एक वेधशाळाच किल्ल्यावर उभी केली होती. म्हणजे साहेब खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरे. फक्त तीस वर्षांचा फरक आणि हेलियमचा मान तेवढा दुसरीकडचा.

काका बराच वेळ कपाकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे सायब इलो होतो, पण तीस वर्सांनी?" मी होय म्हटले. आणि मग मी त्यांना या हकिकतीचा तो भाग सांगितला, जो खुद्द आपल्या सोलापूरकरांनाही फारसा ठाऊक नाही.

1898 च्या त्या ग्रहणाची सावली रत्नागिरीच्या दक्षिण किनाऱ्यावरून जमिनीवर आली आणि ईशान्येकडे सरकत गेली. विजयदुर्ग अंधारले आणि थोड्याच मिनिटांत ती सावली आपल्या जिल्ह्यात पोहोचली. करमाळा तालुक्यातले जेऊर, पुण्याकडे जाताना लागणारे आपले जेऊर स्टेशन, तिथे दुर्बिणी लागलेल्या होत्या. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी नायगमवाला तिथे आले होते. पुण्याची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांनीच उभारली होती. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल आपली तुकडी घेऊन तिथेच आले होते. जेऊर निवडले ते उगाच नव्हे. जानेवारीतले आपल्याकडचे कोरडे, निरभ्र आकाश आणि अवजड यंत्रे आणायला दाराशी आगगाडी. सुमारे दोन मिनिटे भर दुपारी अंधार झाला आणि त्या दोन मिनिटांसाठी अमेरिकेतून माणसे आपल्या जेऊरला आली होती. आपण मात्र त्या स्टेशनवरून शेकडो वेळा जातो, खिडकीतून चहा घेतो आणि पुढे जातो.

दुपारी कुणकेश्वरला देवदर्शन करून किनाऱ्याच्या रस्त्याने मालवणकडे निघालो. वाटेत जांभ्या दगडाचे उघडे माळ लागतात. त्यांना सडा म्हणतात. उष्ण हवेत आणि मुसळधार पावसात खडक झिजतो, त्यातले विरघळणारे घटक वाहून जातात आणि लोह मागे राहते. त्या लोहाचा तांबडा गंज म्हणजेच जांभ्याचा रंग. आपल्या काळ्या रानातून गेलेल्या माणसाला ही तांबडी जमीन नापीक वाटते. पण याच कातळावर सुरुंग लावून, खड्डे करून, माती भरून देवगडच्या हापूसच्या बागा उभ्या राहिल्या आहेत.

चार वाजता मालवण. आता ओहोटी लागली होती. बंदरातून सिंधुदुर्गाकडे होडी निघते तेव्हा दोन्ही बाजूंना खडक डोके काढून बसलेले दिसतात आणि नावाडी त्यांच्यामधून वळणे घेत जातो. सकाळी जे ऐकले होते ते इथे डोळ्यांनी दिसले. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला तो 25 नोव्हेंबर 1664 रोजी. ज्या ठिकाणी पायाभरणीची पूजा झाली तो मोरयाचा दगड मालवणच्या किनाऱ्यावर आजही आहे. 1667 मध्ये किल्ला पुरा झाला. काम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली झाले. पायाचे चिरे बसवताना शिसे ओतले होते. तट नागमोडी आहे आणि त्याची लांबी तीन किलोमीटरांच्या आसपास भरते. दरवाजा असा बुरुजांच्या आड दडवला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? तर तेव्हा या समुद्रावर आपले राज्य नव्हते. गोव्यात पोर्तुगीज, वेंगुर्ल्याला डच, राजापूरला इंग्रज, जंजिऱ्याला सिद्दी. वास्को द गामा 1498 मध्ये आला तो लिस्बनहून, अटलांटिक महासागरातून आफ्रिकेला वळसा घालून. त्यानंतर पोर्तुगीजांनी असा नियम केला की आमच्या परवान्याशिवाय या समुद्रात जहाज हाकारायचे नाही. आज लिस्बनहून सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या सहली असतात. त्या युरोप खंडाच्या मुख्य भूमीचे सर्वांत पश्चिमेचे टोक, काबो दा रोका, दाखवून आणतात. तिथे कड्यावर उभे राहून लोक अटलांटिककडे बघतात. त्याच पाण्यावरून निघालेल्या जहाजांना अडवायला बांधलेला तट मात्र आपल्याकडे, मालवणला आहे.

किल्ल्यात शिवराजेश्वराचे मंदिर आहे. ते राजाराम महाराजांनी 1695 मध्ये बांधले. नावाड्यासारखी टोपी घातलेली महाराजांची मूर्ती तिथे आहे. आणि आमच्या म्हाताऱ्या मंडळींना सगळ्यात नवल वाटले ते तीन गोड्या विहिरींचे, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चारही बाजूंना खारे पाणी आणि मध्ये गोडे कसे? पावसाचे पाणी बेटावरच्या खडकांच्या भेगांत मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. बेताने उपसले तर ते टिकते, हावरेपणाने उपसले तर खालचे खारे पाणी वर येते. बोअर मारून मारून पाणी खोल घालवलेल्या आपल्या भागाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता जाणाऱ्यांसाठी चार सूचना. ऑक्टोबर ते मे हा काळ बरा. पावसाळ्यात सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात. निघण्याआधी पंचांगात तिथी पाहा आणि भरतीचा हिशेब मांडा. होडीत जीवरक्षक जाकीट घाला, म्हाताऱ्यांनाही घाला. ओल्या खडकांवर फोटोसाठी उतरू नका. आणि वाटाड्या स्थानिक घ्या. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले. त्यात विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग दोन्ही आहेत. आता गर्दी वाढेल, देशोदेशीची माणसे येतील आणि किल्ल्यावरचा माणूस जे सांगेल तेच घरी घेऊन जातील. म्हणून त्याच्याकडे खरी माहिती असणे ही त्याच्या एकट्याची जबाबदारी नाही. आपल्याला ठाऊक असेल ते आपण त्याला द्यावे, चारचौघांत त्याचा पाणउतारा न करता. ऐकताना तीन खुणा मनाशी ठेवाव्यात. हे मी डोळ्यांनी पाहतो आहे, हे कुठे लिहिलेले आहे, की हे ऐकलेले आहे? ऐकलेलेही टाकून देऊ नये. साहेबाच्या कट्ट्याची गोष्ट तीस वर्षे चुकली होती, पण तिच्या पोटात खरा साहेब आणि खरे ग्रहण होते.

आम्ही परतल्यावर दोन-अडीच महिन्यांनी आमच्या गल्लीतले एक कुटुंब विजयदुर्गाला जाऊन आले. वाटाड्या म्हणून तेच काका भेटले. कुठून आलात, असे त्यांनी विचारले. सोलापूर म्हणताच ते या मंडळींना थेट साहेबाच्या कट्ट्यांपाशी घेऊन गेले, 1898 ची सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी म्हणाले, "सावळी हयसून तुमच्याकडेच गेली. जेऊर तुमचाच मां? थय कट्टो आसा काय?"

त्या कुटुंबाला उत्तर देता आले नाही. परत येऊन त्यांनी मला विचारले, जेऊरला दुर्बिणी नेमक्या कुठे लावल्या होत्या? मग आम्ही ठरवले की एका रविवारी गाडीने जेऊरला उतरायचे आणि गावातल्या जाणत्या माणसांना विचारायचे. समुद्राची सहल अशी आपल्याच जिल्ह्यात येऊन संपणार आहे. कुणाला यायचे असेल तर जरूर या. भाकरी बरोबर घ्या.